बाळंतपणाच्या खोलीमागचा मारुती

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांना वाटत होतं की मी निवृत्त झाले आहे. नोकरीतले अनुभव लिहिणारे त्यांचे आजवरचे सगळे लेखक साठीच्या पुढचे. मी बत्तीस वर्षांची आहे, कंत्राटी कनिष्ठ अभियंता आहे. माझं कंत्राट अकरा महिन्यांनी संपतं, एक दिवस मी बेकार असते आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर पुन्हा लागते. त्या हिशेबाने मी आठ वेळा निवृत्त झालेली आहे, असं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मग लिहा.

महाल नावाच्या शहरातल्या जुन्या वस्तीत आमचा छापखाना आहे. छापखाना म्हणजे एक खोली, एक जुनं मशीन आणि बाबा. लग्नपत्रिका छापून पोट भरायचं आणि उरलेल्या वेळात पत्रकं छापायची, हा त्यांचा धंदा. गिरणी कामगारांची पत्रकं, अंगात आणणाऱ्या बुवांच्या विरोधातली पत्रकं, पाणीपट्टीच्या विरोधातली पत्रकं. इतर मुलं ‘घर बघ, घार बघ’ वाचत असताना मी ‘जाहीर निषेध’ वाचत होते. आमच्या घरी देव नव्हते. एकच गणपती होता, पत्रिकेवर छापायचा धातूचा ठसा. तो नोकरीला होता.

अशा घरातून आलेल्या मुलीला सरकारी बांधकामात काय काय बघावं लागतं, ते सांगण्याआधी हे काम काय असतं ते सांगते. गावात जायचं, फीत धरून मोजायचं, किती मुरूम, किती गिट्टी, किती सिमेंट लागेल ते काढायचं आणि अंदाजपत्रक लिहायचं. बाहेरच्या माणसाला वाटतं की गावाला रस्ता लागतो म्हणून पैसा येतो. तसं नसतं. पैसा आधी येतो आणि स्वतःचं नाव घेऊन येतो. त्या नावाला लेखाशीर्ष म्हणतात. शाळेच्या नावाचा पैसा विहिरीत घालता येत नाही आणि विहिरीच्या नावाचा शाळेत. नियम वाईट नाही. तो नसता तर सगळा पैसा एकाच घरात गेला असता. प्रश्न एवढाच की कोणत्या नावाने किती येतो. आठ वर्षांत मी पाहिलं ते असं: दवाखान्याच्या नावाने पत्र येतं, देवाच्या नावाने पैसा येतो.

यात एका धर्माचा दोष नाही. देव कोणाचाही असो, पेव्हर ब्लॉक एकच असतात. मंदिर, दर्गा, विहार, सगळीकडे मी तेच लाल-करडे षटकोनी ब्लॉक मोजले आहेत. एका देवळात दर दोन वर्षांनी जुन्या ब्लॉकवर नवे बसवत गेले. अंगण इतकं वर आलं की भाविक आता पायऱ्या उतरून देवाकडे जातात. मी आक्षेप घेतला तर सरपंच म्हणाले, गाभारा समजा. दुसऱ्या एका गावात रस्त्याआधी स्वागत कमान मंजूर झाली. रस्ता आलाच नाही. तुरीच्या शेतात कमान उभी आहे आणि संध्याकाळी म्हशी नियमाने तिच्याखालून घरी जातात. शेताचा मालक म्हणतो, स्वागत तर झालं पाह्यजे.

हे हसण्यावारी नेता येतं. पुढचं नेता आलं नाही.

शहराबाहेर बेसाच्या पलीकडे एक गाव आहे, अर्धं अजून शेतात आणि अर्धं प्लॉट पाडून लेआउटमध्ये गेलेलं. तिथं आरोग्य उपकेंद्र आहे: दोन खोल्या, एक बाळंतपणाचं टेबल आणि भोयर सिस्टर. डांबरी रस्त्यापासून उपकेंद्रापर्यंत सहाशे मीटर काळी माती. विदर्भातली काळी माती ज्यांनी पावसाळ्यात तुडवली आहे त्यांना पुढे सांगायला नको. अँब्युलन्स डांबरावर थांबते. तिथून बाईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार माणसं उचलून आणतात, आणि चिखल चपला ठेवून घेतो.

रंजना नावाची एक बाई लेआउटमधल्या फ्लॅटमध्ये धुणंभांडी करायची. तिचं पहिलं बाळ त्या सहाशे मीटरमध्ये गेलं. खुर्ची दोनदा कलंडली, ट्रॅक्टर बोलावला, तो फसला. उपकेंद्रात पोचेपर्यंत उशीर झाला होता. मी मोजणीला गेले त्या हिवाळ्यात रंजना पुन्हा पोटुशी होती. भोयर सिस्टरांनी मला ती खिडकीतून दाखवली आणि दिवस सांगितले. आषाढात भरत होते.

“मॅडम, मले काही नोको,” सिस्टर म्हणाल्या. “टेबल जुनं आहे, चालते. पंखा आवाज करते, चालते. मिरगाआधी रस्ता द्या फक्त.”

मी शब्द दिला. फीत लावून सहाशे मीटर मोजले, उपकेंद्राच्या मागं जाऊन पाहिलं आणि माझ्या वहीत लिहिलं: ‘मागे कडुनिंबाखाली गोल दगडांचा ढीग, सोलिंगला उपयोगी.’ सोलिंग म्हणजे रस्त्याच्या तळाशी घालतात तो दगडांचा थर. ही ओळ लक्षात ठेवा.

मग प्रस्ताव परत यायला लागले. आरोग्याच्या नावात रस्ता बसत नव्हता. ग्रामीण रस्त्याला दोन्ही टोकांना गाव लागतं; उपकेंद्र हे गाव नाही. शेतरस्त्याला टोकाला शेत लागतं. उपकेंद्र हे शेतही नाही. तिसरा प्रस्ताव परत आला तेव्हा मी कार्यालयात जे बोलले ते बाबांच्या कोणत्याही पत्रकात शोभलं असतं. आमचे मुख्य लिपिक पराते बाबू सगळं ऐकून घेतात. चाळीशी कपाळावर ढकलून त्यांनी विचारलं, “मॅडम, तिथं देव आहे काय?”

यात्रास्थळ जोडरस्ता नावाचं एक लेखाशीर्ष होतं. त्यातला पैसा मार्चअखेर परत जाणार होता, कारण त्या वर्षी तालुक्यातले सगळे देव रस्त्यावर आलेले होते. म्हणजे सगळ्यांना रस्ते मिळाले होते. अट एकच, रस्ता देवापाशी संपला पाहिजे. मी अभियंता आहे. रस्ता देवापाशी संपत असेल आणि मला तो उपकेंद्रापर्यंत हवा असेल, तर देव उपकेंद्राच्या मागं हवा. इतकं सोपं गणित मी नोकरीत दुसरं केलेलं नाही.

सिस्टरांना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीवरून उठल्या. भोयर सिस्टर गुरुवार करतात, एकादशी करतात, टेबल धुतल्यावरही हात जोडतात. त्या म्हणाल्या, “काहून वं बाई, देवाच्या नावानं खोटं? तुमचं ठीक आहे, तुमी मानत नाही. मले तर त्याच्यासमोर जा लागते.”

म्हणजे न मानणारी देव बसवायला निघालेली आणि मानणारी अडवत होती. मी रंजनाचं नाव घेतलं. तरी सिस्टर हो म्हणाल्या नाहीत.

मी अर्ज भरायला बसले. पहिलाच रकाना देवतेच्या नावाचा. तिथंच अडले. देवांविरुद्धचं मला पुष्कळ पाठ होतं, देवांबद्दल काहीच माहीत नव्हतं. पराते बाबूंना विचारलं, सगळ्यात कमी कागदपत्रं लागणारा देव कोणता? त्यांनी नीट विचार केला आणि म्हणाले, मारुती. वेशीवर असतो, कोणाच्या सातबाऱ्यात येत नाही. मी मारुती लिहिला. वार्षिक भाविकांच्या संख्येचा रकाना मात्र कोरा ठेवला. देव खोटा लिहिला, पण आकडा खोटा लिहवेना. शेवटी शिक्षणाचा काहीतरी परिणाम असतोच.

पाहणीची तारीख आली तशी मूर्ती लागली. महालात बाबांच्या छापखान्यापासून चार दुकानं सोडून एक मूर्तीवाले आहेत. बाबा दुपारी झोपलेले असताना मी हातभर उंचीचा मारुती घेतला, ॲक्टिव्हाच्या पायाशी ठेवला आणि बेसाकडे निघाले. चौकात हवालदाराने थांबवलं, कारण मूर्ती सांभाळण्याच्या नादात हेल्मेट दुकानातच राहिलं होतं. त्याने पावतीपुस्तक काढलं, खाली पाहिलं, पुस्तक खिशात ठेवलं, नमस्कार केला आणि मला वाट करून देण्यासाठी एक ट्रक थांबवला. मी ठरलेला दंड भरायला तयार होते. घेणारं कोणी नव्हतं. लेखाशीर्षाच्या बाहेरही हीच पद्धत आहे, हे मला त्या चौकात कळलं.

उपकेंद्रात सिस्टरांनी मूर्तीकडे पाहून विचारलं, प्राणप्रतिष्ठा झाली आहे का? मी नाही म्हटलं. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मग हा देव नाही, सामान आहे, म्हणाल्या, आणि त्याला ब्लीचिंग पावडरच्या पोत्याशेजारी ठेवून स्टोअरला कडी घातली.

पाहणीच्या दिवशी सकाळी सिस्टर एका बाईपाशी आत गुंतल्या होत्या. मी कडी काढली, मारुतीवरची पावडर ओढणीने पुसली आणि त्याला कडुनिंबाखाली नेलं. तिथं तो दगडांचा ढीग होताच. चौथरा म्हणून बरा दिसला. वर मारुती ठेवला, एक फूल ठेवलं आणि लांब जाऊन पाहिलं. माझ्या मते तो तिथं शंभर वर्षं असल्यासारखा दिसत होता.

समिती आली. समिती म्हणजे फाइल घेतलेले एक साहेब, पराते बाबू आणि नानाभाऊ. नानाभाऊ त्याच गावचे, पण उपकेंद्राच्या मागं कधी न फिरकलेले, निवडून आलेले, समितीचे प्रमुख. मोठा माणूस, मोठा आवाज, पांढऱ्या चपला. त्यांनी मारुतीला हात जोडले, दोन पावलं मागं सरकले, आणि त्यांची नजर मागच्या भिंतीवर गेली.

“मॅडम, ही खिडकी कायची आहे?”

मी म्हटलं, बाळंतपणाच्या खोलीची.

त्याच वेळी आतून बाईचा आवाज आला. नानाभाऊंनी मारुतीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मोठा आवाज एकदम खाली आला.

“मॅडम, मारुती ब्रह्मचारी आहे. त्याले इथं दिवसभर काय काय ऐकू येत असन?”

सगळ्या देवांमधून मी नेमका तो निवडला होता ज्याचा बाळंतपणाशी काडीचा संबंध नव्हता. कोणत्याही शेंबड्या पोराला कळलं असतं. मला कळलं नाही, कारण मला लहानपणी कोणी मारुतीला नेलं नव्हतं. नेलं होतं ते मोर्च्याला.

नानाभाऊ आणि साहेबांनी कडुनिंबाच्या सावलीत विचार केला. निर्णय झाला. रस्ता मंजूर, कारण देवापर्यंत रस्ता हवाच. उपकेंद्र मात्र इथून हलवावं, कारण विटाळ होतो, आणि देव तर हलवता येत नाही. साहेब हे लिहून घेत होते. आदल्या दिवशी मी त्या देवाला ॲक्टिव्हावर आणलं होतं. तो किती सहज हलतो हे तिथं माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. पण तोंड उघडलं की अर्ज खोटा ठरत होता, आणि नाही उघडलं तर रस्ता होणार होता आणि रस्त्याच्या टोकाला दवाखाना नसणार होता. रंजना सिमेंटच्या गुळगुळीत रस्त्याने मारुतीपर्यंत आली असती.

आयुष्यभर बोलायला शिकलेली मुलगी तिथं गप्प उभी होती.

आतला आवाज थांबला. बाळाचा सुरू झाला. थोड्या वेळाने भोयर सिस्टर हातमोजे काढत बाहेर आल्या. त्यांनी ढिगावरचा मारुती पाहिला. तो उचलला आणि माझ्या हातात दिला.

“हा तुमचा आहे, मॅडम. धरा.” मग त्या वळल्या. “भाऊ, तुमची सून इथंच बाळंतीण झाली ना? तिनं जाताना ठेवलेला गोटा त्या अंगाले आहे. दाखवू काय?”

नानाभाऊंनी त्या अंगाला पाहिलं.

त्या उपकेंद्रात बाळंत झालेली प्रत्येक बाई घरी जाण्याआधी एक गोल गोटा धुऊन कडुनिंबाखाली ठेवायची, शेंदराचं बोट लावायची. सटवाईसाठी. पाचवीला येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते ती सटवाई. सिस्टरांनी कधी कोणाला ठेवायला सांगितलं नव्हतं, कधी अडवलं नव्हतं. शेंदूर ऊनपावसाने उडून जायचा, गोटे राहायचे. मी ज्यांना सोलिंगला उपयोगी म्हणून वहीत लिहिलं होतं, ती त्या गावातली सगळी बाळं होती.

“ही सटवाई आहे,” सिस्टर म्हणाल्या. “हिच्यापासून बाळंतपण हलवान, त हिनं इथं बसून काय करावं, भाऊ? अन् हिले कोण सांगन? तुमी सांगता काय?”

सटवाईशी कोणी वाद घालत नाही. नानाभाऊंनी पांढऱ्या चपला काढल्या. साहेब वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागले. बाळंतपणाच्या खोलीबाहेर चपला काढा, अशी पाटी सिस्टरांनी लावल्याला कितीतरी वर्षं झाली होती, ती पहिल्यांदा पाळली गेली ती खोलीच्या मागच्या बाजूला.

साहेबांनी फाइल उघडून विचारलं, पण अर्जात तर मारुती आहे. मी मारुती कडेवर घेऊन उभी. पराते बाबू शांतपणे म्हणाले, टायपिंगची चूक आहे, साहेब. उत्सवाचा दिवस? सिस्टरांनी सांगितलं, प्रत्येक बाळाची पाचवी. साहेबांनी लिहिलं, वर्षभर. भाविकांची संख्या? तो माझा कोरा रकाना. सिस्टर आत गेल्या आणि प्रसूतीची नोंदवही घेऊन आल्या. त्यात प्रत्येक बाईचं नाव, गाव, तारीख, अंगठा किंवा सही. साहेब पानं उलटत राहिले. ते म्हणाले, इतक्या वर्षांत भाविकांचा पुरावा जोडलेला हा पहिलाच प्रस्ताव. प्रसूती नोंदवहीची प्रत ‘भाविक संख्या प्रमाणपत्र’ म्हणून जोडली गेली. अर्जात आता एक अक्षर खोटं नव्हतं.

रस्ता झाला. मेच्या उन्हात बारदाना ओला ठेवून सिमेंटवर पाणी मारलं. मिरगाआधी सहाशे मीटर पूर्ण होते. मग इतर गोष्टीही यायला लागल्या, कारण लेखाशीर्ष एकदा जागं झालं की झोपत नाही. भाविकांसाठी पाण्याची टाकी आली. ती सिस्टरांनी तीन वर्षं मागितली होती. भाविकांसाठी बाक आले. त्यांवर आता लसीकरणाला आलेल्या बायका बसतात. देवस्थानाचा मोठा फलक लागला, त्यामागं उपकेंद्राची पाटी झाकली गेली. बाळंतपणाचं टेबल जुनंच आहे. टेबलाला ‘भाविक’ शब्द कसा लावायचा, हे अजून आम्हा दोघींना जमलेलं नाही.

मी विजयी मुद्रेने अर्जाची प्रत बाबांना दाखवली. त्यांनी ती छपाईचे खिळे तपासावेत तशी, अक्षर न् अक्षर वाचली.

“चांगलं लिवलं आहेस वं,” ते म्हणाले. “पण पत्रकात मागणी असते. याच्यात कुठं आहे? तू हक्क मागितला नाहीस. प्रसाद मागितला.”

मी त्यांच्याशी तासभर भांडले. रंजनाबद्दल सांगितलं. त्यांनी मान्य केलं की दुसरा मार्ग नव्हता, आणि हेही सांगितलं की दुसरा मार्ग नाही असं ज्याला पटतं त्याच्या नावाने पत्रक छापता येत नाही. मला तेव्हा राग आला. जूनमध्ये शेजारच्या तालुक्यातल्या एका उपकेंद्रातून फोन आला. तिथंही रस्ता नव्हता. मी विचारलं, मागं झाड आहे का, दगड आहेत, शेंदूर लावलेलं काही? “नाही, मॅडम,” पलीकडची सिस्टर म्हणाली. “आमच्याकडं फक्त पेशंट आहेत.” मला तिच्यासाठी काहीही करता आलं नाही. माझं देवाशी भांडण राहिलेलं नाही. ज्या तिजोरीला नुसता पेशंट ऐकू येत नाही, तिच्याशी आहे, आणि ते मी आठ वेळा काय, अठरा वेळा निवृत्त झाले तरी सोडणार नाही.

आषाढात एका दुपारी मी काम पूर्ण झाल्याचे फोटो काढायला तिथं गेले होते. पाऊस सकाळपासून लागलेला. अँब्युलन्स डांबर सोडून आत वळली आणि सहाशे मीटर न थांबता आली. ड्रायव्हर उतरला, धावत गेला तो आधी कडुनिंबाकडे, चपला काढून, हात जोडून उभा राहिला. गाडीच्या आत रंजना दोन्ही हातांनी दांडा धरून होती.

“पाया मंग पड गा,” सिस्टर दारातून म्हणाल्या. “आधी स्ट्रेचर काढ.”

मी स्ट्रेचरची एक बाजू धरली. मग बाहेर भाविकांच्या बाकावर बसून राहिले. स्टोअरचं दार उघडं होतं. आत ब्लीचिंग पावडरच्या पोत्याशेजारी मारुती भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता. सिस्टरांनी त्याची सोय केली होती.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात मी पूर्णत्वाचा नमुना भरला. शेवटचा रकाना होता: पाहणीच्या वेळी रस्त्याचा लाभ घेताना आढळलेल्या भाविकांची संख्या. मी दोन लिहिलं. पराते बाबूंनी फोटो पाहिला, चाळीशी खाली घेतली, पुन्हा पाहिला. म्हणाले, स्ट्रेचरवर तर एकच बाई दिसते, दुसऱ्या भाविकाचं नाव काय?

मी म्हटलं, बारसं तर लांबच, पाचवी व्हायची आहे अजून.